गणपतराव देशमुख : आमदारकी आणि विधिमंडळातील काम – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतराव देशमुख कोण होते?

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेलेले आणि अखेरपर्यंत शेतकरी कामगार पक्षातच (शेकाप) राहिलेले नेते, अशी त्यांची ओळख महाराष्ट्राला आहे. त्यांचा जन्म 10 ऑगस्ट 1926 रोजी मोहोळ तालुक्यातील पेनूर येथे झाला. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाने दुष्काळी सांगोल्याला कर्मभूमी मानले आणि पुढची सहा दशके तेथील पाणी, मजुरी आणि शेतमाल यांच्या प्रश्नांत घालवली. पक्षातील सहकारी त्यांना ‘भाई’ म्हणत, तर तालुक्यातील लोकांसाठी ते ‘आबासाहेब’ किंवा नुसते ‘आबा’ होते. 30 जुलै 2021 रोजी सोलापुरात, वयाच्या 94 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ते कोणकोणत्या वर्षी निवडून आले?

1962, 1967, 1974 (पोटनिवडणूक), 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009 आणि 2014. या अकराही वेळा मतदारसंघ सांगोला होता आणि पक्ष शेकाप होता.

1962 ची निवडणूक महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरची पहिली सार्वत्रिक निवडणूक होती आणि त्या वेळी विधानसभेत 264 जागा होत्या. पुढे 1967 मध्ये त्या 270 झाल्या आणि 1978 मध्ये 288. सभागृहाचा हा सारा विस्तार त्यांनी आत बसून पाहिला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ते पहिल्यांदा सभागृहात आले आणि अखेरच्या कार्यकाळात मुख्यमंत्रिपदी देवेंद्र फडणवीस होते. विधानसभेच्या क्रमाने सांगायचे तर दुसऱ्या विधानसभेपासून तेराव्या विधानसभेपर्यंत, केवळ नववी वगळता, प्रत्येक विधानसभेत ते पूर्ण किंवा अंशतः सदस्य होते. चौथ्या विधानसभेत ते मध्यावर, पोटनिवडणुकीतून दाखल झाले.

त्यांचा पराभव कधी झाला?

दोन वेळा. 1972 मध्ये काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील यांनी त्यांचा पराभव केला. साळुंखे-पाटील यांच्या निधनामुळे 1974 मध्ये पोटनिवडणूक घ्यावी लागली आणि तीत गणपतराव विजयी झाले. या पराभवाचा काळ लक्षात घेण्यासारखा आहे, कारण महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासातील सर्वांत भीषण दुष्काळांपैकी एक असलेला 1972 चा दुष्काळ पडला, तेव्हा राज्यातील अत्यंत कोरड्या तालुक्यांपैकी एकाचा हा अभ्यासू प्रतिनिधी सभागृहाबाहेर होता.

दुसरा पराभव 1995 मधील. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांच्याकडून ते अवघ्या 192 मतांनी पडले. विधानसभेच्या मतदारसंघात गावे, वाड्या आणि वस्त्या धरून जितकी मतदान केंद्रे असतात, तितक्या केंद्रांवर सरासरी एक मत इकडचे तिकडे झाले असते तरी निकाल फिरला असता. या दोघांची लढत त्यानंतरही अनेक निवडणुकांत होत राहिली. 1999 मध्ये गणपतरावांनी जागा परत मिळवली आणि नंतर सलग तीन वेळा राखली. 2014 मध्ये, वयाच्या 88 व्या वर्षी, शिवसेनेकडून उभ्या राहिलेल्या पाटील यांच्यावर त्यांनी सुमारे 25 हजार मतांची आघाडी घेतली. राज्यात मोठी राजकीय लाट असलेल्या आणि चारही प्रमुख पक्ष वेगवेगळे लढलेल्या त्या निवडणुकीत शेकापच्या एकूण जागा फक्त 3 होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या मताधिक्याचे वजन कळते.

सर्वाधिक वेळा आमदार होण्याचा देशातील विक्रम त्यांच्या नावावर आहे का?

नाही. असे विधान अनेक ठिकाणी छापून आले आहे, पण ते टिकणारे नाही. तमिळनाडूचे एम. करुणानिधी 1957 ते 2016 या काळात 13 वेळा विधानसभेवर निवडून आले, मात्र त्यांचे मतदारसंघ बदलत गेले. केरळचे के. एम. मणी हे तर पाला या एकाच मतदारसंघातून 13 वेळा विजयी झाले, आणि ओमेन चंडी पुथुपल्लीतून 12 वेळा. त्यामुळे ‘एकाच मतदारसंघातून’ अशी पुस्ती जोडली तरी देशपातळीवरचा दावा उरत नाही.

महाराष्ट्रापुरते मात्र अकरा हा आकडा आजही कोणी गाठलेला नाही. 2024 मध्ये निवडून आलेल्या सभागृहातील सर्वांत ज्येष्ठ सदस्य कालिदास कोळंबकर यांची ती नववी वेळ होती. गणपतरावांचे मोठेपण सांगण्यासाठी चुकीच्या विक्रमाची गरज नाही. एक छोटा पक्ष, बहुतांश काळ विरोधी बाक आणि एकच दुष्काळी तालुका, एवढ्या भांडवलावर मिळालेले अकरा विजय पुरेसे बोलके आहेत.

ते एकूण किती वर्षे आमदार होते?

अनेक लेखांत 54 किंवा 55 वर्षे असा उल्लेख असतो. 1962 ते 2019 असा काळ सरसकट धरला आणि त्यातील खंड पूर्ण वजा केले नाहीत, तर असे आकडे मिळतात. प्रत्यक्ष हिशेब असा : 1962 ते 1972 ही दहा वर्षे, 1974 ते 1995 ही सुमारे एकवीस वर्षे आणि 1999 ते 2019 ही वीस वर्षे, म्हणजे एकूण पन्नासहून थोडी अधिक. आमदारकीची सुवर्णमहोत्सवी वाटचाल म्हणून 2012 मध्ये झालेला त्यांचा गौरव 1962 पासूनच्या कालावधीला धरून होता.

शेतकरी कामगार पक्ष त्यांनी का सोडला नाही?

शेकापची स्थापना 1947 मध्ये केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या नेत्यांनी केली. पक्ष घडवणाऱ्यांपैकी कित्येक जण पुढे काँग्रेसमध्ये परतले. रायगड, सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि मराठवाड्याच्या काही भागांत पक्षाची मुळे राहिली, तरी विधानसभेतील त्याचे बळ घटतच गेले : 1967 मध्ये 19 जागा, 1978 मध्ये 13, 1990 मध्ये 8, 1999 मध्ये 5 आणि 2004 मध्ये केवळ 2. त्या दोनांपैकी एक गणपतराव होते.

सत्ताधारी पक्षात गेल्यास मंत्रिपद, निधी आणि संस्था मिळतात, हे गणित पश्चिम महाराष्ट्रातील प्रत्येक आमदाराला पाठ असते. त्यांनाही ते ठाऊक नव्हते असे कोणी म्हणणार नाही. आमच्या मते त्यांच्या निष्ठेचे स्पष्टीकरण केवळ विचारसरणीत शोधणे अपुरे ठरेल. सांगोल्यात शेकाप हा गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ग्रामपंचायत, सोसायटी, बाजार समिती आणि पंचायत समिती या पातळ्यांवर उभा केलेला पक्ष होता, आणि ही माणसे नेत्याच्या मागे दुसऱ्या झेंड्याखाली निमूट चालत जाणारी नव्हती. नेत्याने त्यांना धरून ठेवले, तसेच त्यांनीही नेत्याला धरून ठेवले. विधानसभेत पक्षांतरबंदी कायदा येण्याआधी आणि आल्यानंतरही पक्ष बदलण्याचे प्रसंग सर्वत्र घडत असताना हे परस्परांचे बंधन टिकले, ही या कारकिर्दीतील सर्वांत दुर्मीळ गोष्ट होय.

ते मंत्री होते का?

होते, पण अल्पकाळ. 18 जुलै 1978 रोजी शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे सरकार आले आणि त्यात शेकाप सहभागी होता. गणपतराव त्या मंत्रिमंडळात होते. फेब्रुवारी 1980 मध्ये हे सरकार बरखास्त झाले. दुसऱ्यांदा, 1999 मध्ये विलासराव देशमुख यांच्या काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी सरकारात ते मंत्री झाले आणि पणन व रोजगार हमी ही खाती त्यांच्याकडे आली. 2002 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसशी रायगड जिल्ह्यात झालेल्या तीव्र मतभेदांनंतर शेकापने सरकारचा पाठिंबा काढून घेतला, तेव्हा त्यांचे मंत्रिपदही संपले. दोन्ही कार्यकाळ एकत्र केले तरी पाच वर्षे भरत नाहीत. म्हणजे आमदारकीचा नऊ-दशांशाहून अधिक काळ त्यांनी मंत्रिपदाविना काढला आहे.

विरोधी पक्षनेतेपद त्यांच्याकडे होते का?

जुलै 1977 पासून 1978 च्या निवडणुकीपर्यंत ते विधानसभेतील विरोधी पक्षनेते होते. आज आश्चर्य वाटेल, पण राज्य स्थापनेनंतरच्या तीन दशकांत हे पद शेकापकडे वारंवार आले. कृष्णराव धुळप, दि. बा. पाटील आणि दत्ता पाटील ही त्यातील इतर नावे.

त्यांच्या नावाने ओळखला जाणारा एखादा कायदा आहे का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्यामागे एक गैरसमज असतो, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावे लागेल. आपल्या संसदीय पद्धतीत संमत होणारी जवळजवळ सर्व विधेयके शासनाची असतात. मंत्री नसलेला सदस्य अशासकीय विधेयक मांडू शकतो, त्यासाठी अधिवेशनात शुक्रवारचा काही वेळ राखलेला असतो, परंतु अशी विधेयके बहुधा शासनाच्या आश्वासनानंतर मागे घेतली जातात. त्यामुळे पन्नास वर्षांतील पंचेचाळीसहून अधिक वर्षे मंत्रिमंडळाबाहेर असलेल्या सदस्याचे काम त्याच्या नावाच्या कायद्यांवरून मोजणे म्हणजे चुकीच्या मापाने मोजणे होय.

अशा सदस्याची हत्यारे निराळी असतात. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात द्यावे लागते असा प्रश्न, हे त्यातील पहिले. छापील उत्तर मिळाल्यानंतर सदस्याला उपप्रश्न विचारता येतो आणि खरा कस तेथे लागतो, कारण छापील उत्तर खात्याने लिहिलेले असते, तर उपप्रश्नाचे उत्तर मंत्र्याला उभे राहून द्यावे लागते. ‘योजना प्रगतिपथावर आहे’ असे उत्तर आल्यावर, पंपगृहाचे काम कोणत्या टप्प्यावर थांबले, वीजजोडणीचे पैसे कोणत्या महिन्यात भरले आणि पोटकालव्याची जमीन संपादित झाली का, हे विचारता येणारा सदस्य त्या जागेवर स्वतः गेलेला असावा लागतो. समाधानकारक उत्तर नसेल तर अर्धा तास चर्चेची मागणी करता येते. तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी नियम 105 खालील लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पात खात्याने मागितलेली रक्कम कमी करावी असे सुचवणारी कपात सूचना, नियम 293 अन्वये विरोधी पक्षाने आणलेली चर्चा, ही पुढची साधने आहेत. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द आश्वासन समितीकडे जातो आणि तेथे त्याचा पाठपुरावा होतो.

यांतील कोणत्याही साधनातून वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाची बातमी क्वचितच होते. पण दुष्काळ, टंचाईच्या निकषांतील त्रुटी, चारा छावण्या, रोजगार हमीवरील थकलेली मजुरी आणि उपसा सिंचन योजनांसाठी तुटपुंजी तरतूद हे विषय गणपतराव वर्षानुवर्षे याच मार्गांनी सभागृहात आणत राहिले. वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांपुढे तीच मागणी नव्या आकड्यांसह मांडण्याचा हा चिवटपणाच त्यांची खरी वैधानिक कामगिरी आहे, असे आम्हांला ठामपणे वाटते. त्यांच्या विजयांची संख्या सर्वांना पाठ आहे, आणि त्या संख्येआड हे काम झाकले जाते, याची खंत वाटते.

पाण्याच्या प्रश्नात त्यांची भूमिका नेमकी काय होती?

सांगोला तालुका पर्जन्यछायेत येतो. माण नदी तालुक्यातून वाहते खरी, पण वर्षातील बराच काळ तिचे पात्र कोरडे असते. तालुक्यात पाणी आणायचे तर ते बाहेरूनच आणावे लागते : नीरा खोऱ्यातून उजव्या कालव्याने, किंवा कृष्णेतून उपसा योजनांनी.

कालव्याच्या बाबतीत सांगोल्याचे दुखणे शेवटच्या टोकाला असण्याचे आहे. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटले की वरच्या भागातील पिके आधी भिजतात आणि ‘टेल’च्या गावांपर्यंत प्रवाह क्षीण होऊन पोहोचतो. म्हणून पाणी टोकापासून मुखाकडे द्यावे, ही ‘टेल टू हेड’ची मागणी येथील शेतकऱ्यांच्या तोंडी कायम असते.

कृष्णेच्या पाण्याचा लढा याहून मोठा. कृष्णा पाणीवाटप लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, महाराष्ट्राच्या वाट्याला 560 अब्ज घनफूट पाणी दिले. हे पाणी नदीकाठच्या उसापलीकडे, सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतील माथ्यावरच्या दुष्काळी तालुक्यांत चढवून न्यावे, अशी मागणी घेऊन क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. तेरा दुष्काळी तालुक्यांची ही चळवळ होती आणि गणपतराव व डॉ. भारत पाटणकर हे तिचे प्रमुख आधारस्तंभ होते. प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा हक्क देणाऱ्या समन्यायी वाटपाचा विचार या परिषदांनी लावून धरला. 1996 मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेंभू, म्हैसाळ, ताकारी यांसारख्या योजनांना निधी मिळू लागला. टेंभूचे पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवले जाते आणि खानापूर, आटपाडी या तालुक्यांसह सांगोल्याच्या काही गावांपर्यंत येते. म्हैसाळ योजनेच्या लाभक्षेत्रातही सांगोला आणि मंगळवेढा यांचा समावेश आहे.

परिषदेत ठराव करणे आणि सभागृहात तोच ठराव प्रश्न, सूचना व मागणीच्या रूपात आणणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाने करावीत असा योग क्वचित येतो. नायकवडी आणि पाटणकर मैदानात होते. गणपतराव मैदानातही होते आणि विधानभवनातही. योजना अजून पूर्णत्वास गेलेल्या नाहीत आणि सर्व गावांना पाणी मिळालेले नाही, त्यामुळे हा लढा संपला असे म्हणता येणार नाही.

रोजगार हमी योजनेशी त्यांचा संबंध काय?

योजनेची मूळ कल्पना वि. स. पागे यांची, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. पागे त्या वेळी विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम देण्याची हमी देणारा महाराष्ट्राचा कायदा 1977 मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला आणि तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा गणपतराव पुलोद मंत्रिमंडळात होते, आणि वीस वर्षांनंतर त्याच योजनेचे खाते त्यांच्याकडे आले. सांगोल्यासारख्या तालुक्यात रोजगार हमीची कामे म्हणजे पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडणे. दुष्काळात कित्येक घरांची चूल या मजुरीवर पेटत होती.

1990 नंतर या योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत खड्डे खणावेत, झाडे लावावीत आणि त्या कामाची मजुरी व रोपांचा खर्च शासनाने द्यावा, असे तिचे स्वरूप होते. सांगोल्याच्या हलक्या, मुरमाड जमिनीत डाळिंब आणि बोर चांगले येतात. तालुक्याने ही योजना मनापासून स्वीकारली, त्यामागे गणपतराव आणि त्यांच्या कार्यकर्त्यांचा गावोगावचा आग्रह होता. पुढे ठिबक आले, शेततळी आली आणि सांगोल्याचे डाळिंब देशभरच्या बाजारांत पोहोचले. 28 डिसेंबर 2020 रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली, ती या बागांच्या जोरावर. तेल्या व मर हे डाळिंबावरील रोग आणि खोडकीड यांनी अलीकडे अनेक बागा उद्ध्वस्त केल्या, हेही तितकेच खरे आहे.

सहकारात त्यांनी काय उभे केले?

सर्वांत ठळक काम सांगोल्याच्या शेतकरी सहकारी सूतगिरणीचे. कापसाचे मोठे क्षेत्र नसलेल्या तालुक्यात सूतगिरणी काढणे अनेकांना धाडसाचे वाटले होते. तालुक्यातील तरुणांना गाव न सोडता कायम पगाराची नोकरी मिळावी हा तिचा हेतू होता. महाराष्ट्रातील कित्येक सहकारी गिरण्या कर्जात बुडाल्या आणि बंद पडल्या, त्या काळात ही गिरणी चालू राहिली.

ते खरोखर एसटीने प्रवास करत असत का?

होय. आमदारांना एसटीचा मोफत प्रवास मिळतो आणि गाडीत त्यांच्यासाठी आसनही राखीव असते, पण त्या आसनावर आमदार बसलेला दिसणे हल्ली दुर्मीळ. गणपतरावांनी ही सवलत दीर्घकाळ नियमित वापरली. सांगोल्याच्या बसस्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला आमदाराशी बोलण्यासाठी चिठ्ठी किंवा मध्यस्थ लागत नसे. प्रवासातच अर्ज हाती येत आणि कामे कळत. त्यांच्या साधेपणाचे कौतुक सर्वत्र होते, परंतु त्याचा हा उपयोग, म्हणजे मतदाराला प्रतिनिधी सहज सापडणे, अधिक मोलाचा होता.

2019 मध्ये ते का लढले नाहीत आणि नंतर काय झाले?

वय आणि प्रकृती लक्षात घेऊन त्यांनी थांबण्याचा निर्णय घेतला. शेकापने त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उमेदवारी दिली. शिवसेनेचे शहाजीबापू पाटील यांनी ती निवडणूक 768 मतांनी जिंकली. 2024 मध्ये गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी पाटील यांचा पराभव करून सांगोल्याची जागा शेकापकडे परत आणली. त्या निवडणुकीत राज्यभरात पक्षाला मिळालेली ही एकमेव जागा होती. घराण्यातच उमेदवारी राहिल्याबद्दल पक्षाबाहेरून टीका झाली, आणि ज्या पक्षाने आयुष्यभर सरंजामी राजकारणाला विरोध केला त्याच्याबाबत हा प्रश्न उपस्थित होणे रास्तच आहे.

त्यांची भाषणे आणि प्रश्न मुळातून वाचायचे असल्यास काय करावे?

विधानसभेच्या कामकाजाची अधिकृत नोंद कार्यवाहीच्या खंडांत असते आणि हे खंड विधानमंडळाच्या ग्रंथालयात जतन केलेले आहेत. शोध घेताना अधिवेशन आणि वर्ष आधी निश्चित करावे. अर्थसंकल्पी अधिवेशनात पाटबंधारे, ग्रामविकास आणि रोजगार हमी या विभागांच्या मागण्यांवरील चर्चा पाहाव्यात, तर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात टंचाई आणि खरिपाच्या आणेवारीवरील (पीक किती आले याच्या सरकारी अंदाजावरील) चर्चा. 1972 ते 1974 आणि 1995 ते 1999 या काळातील खंडांत त्यांचे नाव सदस्य म्हणून आढळणार नाही. 1978 ते 1980 आणि 1999 ते 2002 या काळात मात्र ते मंत्री म्हणून उत्तरे देताना सापडतील. प्रश्नकर्ता म्हणून त्यांनी विचारलेले जुने प्रश्न आणि मंत्री म्हणून त्याच विषयांवर त्यांनी दिलेली उत्तरे शेजारी ठेवून वाचावीत, अशी अभ्यासकांना आमची विनंती आहे.